ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा जाम झालाय, जुनी मारुती ८००, काय करावं?

अबोली_सहकारनगर
नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९९८ ची मारुती ८०० आहे, पांढरी, बाबांनी नवी घेतलेली आणि अजूनही तेच चालवतात. बाबांचं वय ७६. रोज सकाळी साडेसहाला आईला घेऊन तळजाई टेकडीवर फिरायला जातात आणि येताना दूध-भाजी आणतात, गाडीचं काम एवढंच. गेले चार दिवस ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडत नाहीये. किल्ली आत जाते पण अर्धी फिरून अडते. डावीकडून शिरून आतलं लॉक जोर लावून काढलं तरी हँडल अर्ध्यावर येऊन थांबतं, जसं काही आतून कुणीतरी धरून ठेवलंय. बाहेरचं हँडल पण तसंच. बाबा आता डाव्या दरवाजाने आत जाऊन गिअरवरून पाय टाकून आपल्या सीटवर जातात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मला ते बघवत नाही. एका मिस्त्रींना सकाळी घरी बोलावलं होतं, ते म्हणाले आतून पत्रा कापावा लागेल, नाहीतर सरळ दुसरा दरवाजा बसवा, साडेसहा हजार आणि रंगाचे वेगळे. पत्रा कापायला मन तयार होत नाही. कुणाला असा अनुभव आहे का? घरी काही करता येईल का?

पेठेतला_निनाद
डब्ल्यूडी-४० मारा. किल्लीच्या भोकात नळी घालून दोन फवारे, दहा मिनिटं थांबा, किल्ली हळूहळू मागेपुढे करा. माझ्या मारुती झेनचं लॉक असंच सुटलं होतं.

गॅरेज_आणि_गप्पा
पत्रा अजिबात कापू नका!! दरवाजा बंद असताना पण आतलं पॅड, म्हणजे पत्र्यावर आतून लावलेलं आवरण, निघतं. वेळ लागतो, पण निघतं.

मुठाकाठ
डब्ल्यूडी-४० ने तेवढ्यापुरतं सुटेल पण कुलपात तेलकट काही घालूच नये असं माझं मत आहे. धूळ चिकटते, सहा महिन्यांनी आत काळा चिखल होतो. आमचे आजोबा शिसपेन्सिलीचं टोक सुरीने खरवडून ती पूड किल्लीला चोळायचे आणि किल्ली आतबाहेर करायचे. पेन्सिलीत ग्राफाइटच असतं. ते कोरडं राहतं त्यामुळे धूळ धरत नाही.

पेठेतला_निनाद
@मुठाकाठ, डब्ल्यूडी-४० हे मुळात वंगण म्हणून बनवलेलंच नाही, नावाचा अर्थच पाणी हटवणं, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग, १९५३ मधला. आतली घाण सैल करायला ते चांगलंच आहे. नंतर तुमची पेन्सिल वापरा की. फक्त ओल्यावर पूड टाकू नका, लगदा होतो आणि मग दोन्ही फुकट जातं.

मुठाकाठ
हे मान्य. आधी धुवायचं, पूर्ण वाळवायचं, मग पूड.

रिटायर्ड_फिटर
अबोलीताई, मी पिंपरीला एका कारखान्यात ३१ वर्षं फिटर होतो, त्यातली शेवटची बारा वर्षं दरवाजेच बसवायचो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

दरवाजाच्या कडेला जे लोखंडी तोंड दिसतं त्याला आम्ही कॅच म्हणतो. त्याच्या आत एक वाकडा पंजा असतो. दरवाजा लावला की खांबावरचा खुंटा त्या पंजात शिरतो, पंजा फिरतो आणि एक छोटा खटका पडून त्याला अडवून ठेवतो. दरवाजा नीट लावताना दोनदा टक-टक ऐकू येतं बघा, पहिलं टक म्हणजे अर्धवट लागला, दुसरं म्हणजे पूर्ण लागला. तुम्ही हँडल ओढता तेव्हा एक बारीक सळई, म्हणजे रॉड, तो खटका उचलते. बाहेरच्या हँडलचा रॉड वेगळा, आतल्या हँडलचा वेगळा, किल्लीच्या बॅरलचा, म्हणजे किल्ली ज्यात फिरते त्या नळकांड्याचा, वेगळा, आणि हे सगळे शेवटी एकाच कॅचला येऊन मिळतात.

आता तुमचं लक्षण बघू. रॉडची प्लास्टिकची क्लिप तुटून रॉड निसटला असता तर हँडल ढिलं लागलं असतं, ओढलं की नुसतंच हातात आलं असतं. आणि ते सुद्धा एकच हँडल बिघडलं असतं, दोन्ही एकाच दिवशी नाही. तुमचं हँडल अर्ध्यावर थांबतंय आणि दोन्हीकडून तसंच होतंय. म्हणजे रॉड जागेवर आहेत, खटकाच उचलला जात नाहीये. रोग कॅचमध्ये आहे.

आजच एक करून बघा, याला पैसे लागत नाहीत. एकाने बाहेरून दरवाजाला कंबर लावून जोरात आत दाबायचं, तसंच दाबून धरायचं, आणि दुसऱ्याने त्याच वेळी आतून लॉक काढून हँडल ओढायचं. दरवाजाच्या रबराचा ताण त्या खटक्यावर येत असतो, दाबलं की ताण उतरतो आणि बऱ्याचदा खटका सुटतो. पण हँडलवर जास्त जोर लावू नका, हँडल तुटलं तर काम वाढेल.

आणि एक प्रश्न. दरवाजा दिवसभर असाच असतो का ठरावीक वेळीच अडतो? बाहेरून कुणी सेंट्रल लॉकिंग बसवून घेतलंय का? त्याची मोटर अडकली की ती पण रॉडला मागे धरून ठेवते.

कोथरूडची_काकू
काका काय सुंदर समजावलंत. ३५ वर्षं गाडीचे दरवाजे लावतेय, ते दोनदा टक का वाजतं हे आज कळलं.

सिद्धेश_पी
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. २७ वर्षं जुनी गाडी, ७६ वर्षांचे वडील. एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि आता दरवाजा उघडत नाही. स्क्रॅपला द्या आणि रिक्षा लावून द्या त्यांना. काही झालं तर ते बाहेर कसे पडणार?

अबोली_सहकारनगर
@सिद्धेश, राग नाही, काळजीनेच म्हणताय. बाहेर कसं पडणार हाच विचार मला पण चार रात्री झोपू देत नाहीये म्हणून तर इथे लिहिलं. पण गाडी विकायचा विषय नाही. बाबांनी २०१३, २०१८ आणि २०२३ असं तीनदा स्वतः आरटीओत उभं राहून रजिस्ट्रेशन रिन्यू करून आणलंय. तीन किलोमीटर जातात, तीन किलोमीटर येतात, चाळिसच्या वर कधी जात नाहीत. ती गाडी बंद केली तर त्यांची सकाळच बंद होईल.

@रिटायर्ड_फिटर काका, खूप खूप आभार. सेंट्रल लॉकिंग नाही. दाबून बघितलं, बाहेरून मी आणि आत आई, एकदा किंचित हललं असं वाटलं पण सुटलं नाही. ठरावीक वेळ वगैरे माहीत नाही कारण गाडी सकाळीच बाहेर निघते, नंतर दिवसभर झाकून उभी. मी पण साडेआठला ऑफिसला जाते. उद्या शनिवार आहे, दुपारी बघते.

गॅरेज_आणि_गप्पा
तोवर पॅड काढायची वेळ आलीच तर: सीट पूर्ण मागे. आर्मरेस्टचे स्क्रू, आतल्या हँडलच्या कव्हरचा स्क्रू. काच खालीवर करायच्या हँडलला स्क्रू दिसणार नाही, त्याच्यामागे स्प्रिंगची चपटी क्लिप असते. जुनं सुती फडकं हँडल आणि वॉशरच्या मधे घालून दोन्ही टोकं धरून बूट पॉलिश करतात तसं डावीउजवीकडे ओढायचं, क्लिप टपकन उडते. उडते म्हणजे खरंच उडते, सीटखाली जाते, त्यामुळे खाली चादर अंथरून ठेवा. मग पॅडच्या कडेने प्लास्टिकचे खुंटे एकेक करून सोडवायचे, जुने असतात म्हणून दोनचार तुटणारच, नाना पेठेत सुटे मिळतात. आत चिकटवलेला प्लास्टिकचा कागद असेल तो फाडू नका, काच खाली जाते तिथून आत येणारं पावसाचं पाणी तो पॅडवर येऊ देत नाही.

जुना_बाजारवाला
लॉक सेट बदलायचाच झाला तर नाना पेठ, भवानी पेठ फिरा, ८०० चे पार्ट अजून मिळतात. नाहीतर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात जा. फक्त एका दरवाजाचं बॅरल बदललंत तर त्याची किल्ली वेगळी येईल, दरवाजाला एक आणि इग्निशनला एक अशा दोन किल्ल्या सांभाळाव्या लागतील. चांगला किल्लीवाला असेल तर तो बॅरलमधल्या पितळी पट्ट्या तुमच्या जुन्या किल्लीप्रमाणे लावून देतो. ते करून घ्या, वयस्कर माणसाला दोन किल्ल्यांचा फार त्रास होतो.

फियाटप्रेमी
दरवाजांवरून आठवलं. आमच्या मामांकडे डुक्कर फियाट होती, तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, बिजागरी मागच्या खांबाला. बसायला उतरायला राजेशाही, साडी नेसलेल्या बायकांना तर फारच सोयीचं. पण चालत्या गाडीत कॅच सुटला की वारा दरवाजाला बंद करण्याऐवजी पूर्ण उघडून टाकायचा. मामा दर रविवारी कॅचला ग्रीस लावायचे, आम्ही पोरं शेजारी उकिडवी बसून बघायचो. त्या ग्रीसचा वास अजून नाकात आहे.

कोथरूडची_काकू
आमच्या लग्नाची वरात डुक्कर फियाटमधून निघाली होती! लक्ष्मी रोडने, मोगऱ्याच्या माळा लावून.

पेठेतला_निनाद
काकू त्यावर वेगळा धागा काढा, फोटोसकट.

अबोली_सहकारनगर
मंडळी!! काय झालं माहितीये का, शनिवारी दुपारी दोनला मी आणि बाबा खाली गेलो, पाने, फडकं, चादर सगळं घेऊन, कव्हर काढलं, बाबांनी सवयीने हँडल ओढलं आणि दरवाजा उघडला. काही न करता. किल्ली पण व्यवस्थित फिरली. दहा वेळा उघडझाक केली, दहाही वेळा उघडला. आम्हाला वाटलं दाबलं होतं त्याने सुटला असेल. पण आज रविवारी सकाळी पुन्हा तेच, हँडल अर्ध्यावर. बाबा म्हणाले राहू दे ग आणि डावीकडून शिरले.

रिटायर्ड_फिटर
म्हणजे वेळेचा संबंध आहे. मोडलेला भाग दुपारी दुरुस्त होत नाही. काहीतरी घट्ट होतंय आणि उन्हाने सुटतंय.

टोरोंटोकर
मी पुण्याचाच, सध्या कॅनडात. इथे हिवाळ्यात कुलपात पाणी जाऊन बर्फ होतो, अगदी हीच लक्षणं. आम्ही किल्ली लायटरवर जरा गरम करून घालतो किंवा हेअर ड्रायर लावतो. पुण्यात बर्फ होणार नाही हे मला माहीत आहे, पण गारठ्याचाच प्रकार आहे का हे ड्रायर लावून पाच मिनिटांत कळेल. तुमच्या १९९८ च्या ८०० च्या किल्लीत चिप नाही त्यामुळे किल्ली गरम केली तरी चालेल, नव्या गाड्यांच्या किल्लीला मात्र असं करू नका.

अबोली_सहकारनगर
आज सोमवार, सकाळी सव्वासहा. पार्किंगच्या प्लगला एक्स्टेंशन लावून माझा केस वाळवायचा ड्रायर कुलपावर आणि हँडलखाली पाच-सात मिनिटं धरला. आधी किल्ली फिरली. मग अजून थोडा वेळ दरवाजाच्या मागच्या कडेला हवा दिली आणि दरवाजा उघडला. बाबा शाल पांघरून शेजारी उभे होते, त्यांनी एवढंच म्हटलं, "थंडीच होती म्हणायची." टोरोंटोकर, तुमचे कसे आभार मानू.

पण आधी कधीच असं झालं नव्हतं. २७ हिवाळे काढलेत या गाडीने आणि पुण्यात याहून कडक थंडी पडलीये.

केमिस्ट्रीवाल्या_बाई
मी गेली वीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, गाडीतलं काही कळत नाही. पण एक विचारू? या वर्षी त्या कुलपात कुणी काही घातलंय का? कुठलं तेल?

अबोली_सहकारनगर
बाबांना विचारलं. दसऱ्याला दर वर्षी गाडी धुवून, पुसून, हार घालून पूजा करतात, आणि त्याच दिवशी सगळ्या कुलपांना, बिजागऱ्यांना तेल देतात. दर वर्षी आईच्या शिवणाच्या मशीनचं तेल असतं. या वर्षी ती कुपी संपली होती म्हणून त्यांनी खोबरेल घातलं. "भरपूर घातलं, मुरू दे म्हटलं," असं म्हणाले. कुलपात घातलं आणि दरवाजाच्या कडेच्या त्या कॅचमध्ये पण. डाव्या दरवाजापर्यंत पोचेतो बाटलीतलं संपलं होतं.

केमिस्ट्रीवाल्या_बाई
सापडलं! खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. मशीनचं तेल पुण्याच्या कुठल्याच थंडीत गोठत नाही. दसऱ्याच्या सुमाराला उकाडा असतो, तेल पातळ, म्हणून ते छान आत सगळीकडे पसरलं. आता पहाटे पारा १०-१२ पर्यंत उतरतोय, बाथरूममधली बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, तसंच तुमच्या कुलपात झालंय. दुपारी उन्हात दरवाजाचा पत्रा चांगला तापतो की ते पुन्हा पातळ. आणि डाव्या दरवाजाला तेल पुरलं नाही म्हणून तो उघडत राहिला.

कोथरूडची_काकू
अगं बाई! मी रोज सकाळी ती बाटली गरम पाण्याच्या तांब्यात ठेवते आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.

रिटायर्ड_फिटर
बाईंनी नेमकं पकडलं. मला तेलाचा प्रश्न आधी विचारायला हवा होता. नुसत्या खोबरेलने एवढं घट्ट झालं नसतं, आत २७ वर्षांचं जुनं ग्रीस आणि धूळ आहे, त्यात ते मिसळून मेण झालंय. किल्लीच्या बॅरलमधल्या पट्ट्यांना केसासारख्या बारीक स्प्रिंगा असतात, त्यांची ते ढकलायची ताकद नाही. दरवाजा बदलायचा नाही, कॅच बदलायचा नाही, फक्त धुवायचं आहे. दुपारच्या उन्हातच करा, तेल पातळ असताना.

दरवाजा उघडा ठेवून कॅचच्या तोंडात डब्ल्यूडी-४० भरपूर मारा, खाली फडकं धरा, जुन्या टूथब्रशने घासा. मग स्क्रूड्रायव्हरने पंजा दाबून बंद करा, दोन टक ऐकू आले पाहिजेत, आणि हँडल ओढून सोडवा. असं वीस-पंचवीस वेळा. शेवटच्या वेळी पंजा उघडा आहे ना हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय दरवाजा लावू नका! पंजा बंद असताना दरवाजा आपटला तर खुंट्यावर आदळून कॅच वाकतो. रंगावर, रबरावर फवारा गेला तर लगेच पुसा. सुकल्यावर कॅचला पांढरं लिथियम ग्रीस, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. बॅरल वेगळं धुवा, त्यात ग्रीस नाही.

मुठाकाठ
बॅरलला माझी पेन्सिल! एक दिवस पूर्ण वाळू द्या मात्र.

राहुल_धनकवडी
हे स्कूटरच्या सीटच्या लॉकला पण चालेल का? माझ्या मुलाने त्यात तेल ओतलंय, कुठलं ते विचारलं तर सांगत नाहीये.

केमिस्ट्रीवाल्या_बाई
@राहुल, सकाळी अडकतं आणि दुपारी सुटतं का ते बघा, तेलाचं नाव आपोआप कळेल.

सिद्धेश_पी
मी स्क्रॅपला द्या म्हटलं होतं, ते मागे घेतो. पण अबोली, एक काम नक्की करा, चारही दरवाजे आतून आणि बाहेरून उघडतात का हे महिन्यातून एकदा तपासा. मागच्या दरवाजांना चाइल्ड लॉक लागलेलं असेल तर आतून उघडणार नाही, त्याचा खटका दरवाजाच्या कडेला असतो.

अबोली_सहकारनगर
@सिद्धेश, तपासलं, मागचे दोन्ही उघडतात. थँक्यू.

काल सुट्टी टाकून बाबांबरोबर केलं. बोहरी आळीतून ग्रीसची छोटी ट्यूब आणली. कॅचच्या तोंडात टूथब्रश घातला तर आधी पिवळट पांढरं, मग तपकिरी, मग एकदम काळं यायला लागलं, आणि त्या काळ्यात चक्क दसऱ्याच्या झेंडूची एक पाकळी निघाली, वाळून चपटी झालेली. बाबांनी ती चिमटीत धरून बघितली आणि खिशात ठेवली. स्क्रूड्रायव्हरने पंजा दाबायचं काम त्यांनी केलं, हँडल मी ओढत होते, ते मोठ्याने मोजत होते, एकोणीस, वीस, एकवीस. पहिल्या पाचसहा वेळा पंजा उठताना आळस दिल्यासारखा हळू उठत होता, पुढे पुढे खट्कन उडायला लागला. पंजा उघडा आहे हे बघूनच दरवाजा लावला, काका. किल्लीच्या भोकात बाबांनी स्वतः पेन्सिल खरवडून पूड घातली आज सकाळी, म्हणून हे लिहायला उशीर झाला.

आई आज शिवणाच्या मशीनच्या तेलाच्या दोन कुप्या घेऊन आली, एक मशीनला आणि एक गाडीला.

रिटायर्ड_फिटर
शाब्बास पोरी. डावा दरवाजा पण धुवून घ्या, त्यात पण जुनं ग्रीस आहेच. आणि उद्या पहाटेचं कळवा.

अबोली_सहकारनगर
सकाळी ६:२५. गाडीच्या काचेवर दव होतं, माझ्या फोनवर ११ अंश दाखवत होते. बाबांनी किल्ली फिरवली, दरवाजा उघडला, बसले, दरवाजा ओढला. टक-टक. आई डावीकडून बसली. आत्ता तळजाईला गेलेत, येताना सगळ्यांसाठी भुईमुगाच्या ओल्या शेंगा आणणार आहेत म्हणे.